सहाच्या खाली नाही

प्रवेशिका क्रमांक अकरा. नावीन्य, दहापैकी: ___

तिने शून्य टाकलं. चौकट लाल झाली. कृपया सहा ते दहामधले गुण द्या.

पुन्हा शून्य. पुन्हा लाल. जणू चूक तिचीच होती.

"सहाच्या खाली जात नाही ते," शेजारचे परीक्षक म्हणाले. वर्षातली त्यांची ही सव्विसावी परीक्षकी. कृत्रिम बुद्धिमत्तेची स्पर्धा कुठेही असो, हे जावयासारखे पहिल्या खुर्चीत. "मुलांचा हिरमोड होतो. सहा द्या नि चहा घ्या."

उपयुक्तता: ___

अकरा नंबर म्हणजे मुठीएवढा डबा. रुग्णालयात खाटेवर टांगायचा. रुग्ण कण्हला की लाल दिवा, नर्सने धावायचं. एरवी हिरवा. पहिला आला की सोमवारपासून त्याला बत्तीस खाटांचा अख्खा वॉर्ड मिळणार होता. तिथल्या दोन नर्सपैकी मग एकच राहणार होती. राहणारी ती एक म्हणजे हिची स्वतःची वहिनी.

हिचं कामच आवाजाचं. सात वर्षं वॉर्डावॉर्डांतून, परवानग्या घेऊन, तिने दुखण्याचे आवाज गोळा केले होते. सकाळी त्यातले चाळीस तिने डब्याला ऐकवले. नऊदा लाल. एकतीसदा हिरवा. डब्याला शिकवलं होतं नटांच्या आरडाओरड्यावर.

"अगं, ज्याला खरंच सोसत नाही, त्याच्यात ओरडायची ताकद कुठली?" वहिनी फोनवर म्हणाली होती. "तो नुसता श्वास गिळतो."

"खाटेजवळची घंटा तरी ठेवणार ना?"

"काढणार. दोन-दोन कशाला, म्हणे."

परीक्षकांचा शेरा (फक्त सकारात्मक): ___

फक्त! तिने सगळ्या चौकटी रिकाम्याच सोडल्या. 

संयोजक निकालाचा कागद घेऊन आले. अकरा नंबर पहिला. बाकी दोघा परीक्षकांचे दहा-दहा, तिच्या नावापुढे छापील सहा.

"मी सहा दिलेले नाहीत."

"रिकामं राहिलं की आपोआप पडतात, ताई. सही तेवढी करा."

"माणूस मरेल याने."

"तुम्ही पण ना! पुढच्या परिषदेचं बीजभाषण तुम्हालाच द्यायचं ठरतंय, आणि तुम्ही हे काय..."

बीजभाषण. सात वर्षं त्यासाठी अर्ज, आणि सात वर्षं महिलांच्या चर्चासत्रातली कडेची खुर्ची. हवं होतं तिला ते. अजूनही हवं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"कागद द्या इकडे. सही स्टेजवर करते. परीक्षकांना दोन मिनिटं आहेत ना बोलायला?"

दोन मिनिटं:

आभार मानायला उभी राहिली, मानले नाहीत. डबा टेबलावर ठेवला, फोन माइकला लावला. सभागृहाच्या चारी भिंतींतून एका म्हाताऱ्याचा श्वास येऊ लागला. आत ओढलेला, अडकलेला, दाताखाली दाबलेला. मग बारीकसं 'अं'. मग पुन्हा श्वास.

दहा सेकंद. हिरवा.

वीस. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी कानांवर हात ठेवले. हिरवा.

चाळीस. "अहो, बंद करा ते!" पहिल्या रांगेतून रुग्णालयाचे प्रमुख ओरडले. "ऐकवत नाही!"

डबा लाल झाला.

"बघा," ती म्हणाली. "तुम्हाला दुखतंय म्हणतोय तो. धावा कुणीतरी."

मागे एकजण फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला, कारण श्वास चालूच होता आणि डबा पुन्हा हिरवा झाला होता. तिने कागदावरचा सहा खोडला, शून्य काढलं, खाली सही केली. पेन इतकं दाबलं की कागद फाटला.

संयोजक वायर शोधत स्टेजच्या मागे धावले.

"घंटा राहू द्या," प्रमुख म्हणाले. घसा खाकरून पुन्हा, मोठ्याने: "घंटा काढणार नाही. झालं?"

"आणि दुसरी नर्स?"

ते घड्याळ बघू लागले. तिने फोनला हात लावला, आवाज आणखी वाढवला.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "असे चाळीस आहेत माझ्याकडे."