विहीणबाईंचं राहिलेलं सरबत

मित्रांनो, मी एक जुनी सरबताची बाटली आहे. हसू नका. आज माझ्या पोटात काळं पाणी दिसतं, पण माझा जन्म गुलाबाच्या सरबतासाठी झाला होता. मध्य प्रदेशात, सौंसरजवळ कलाबाईंच्या घरी, लेक वृषालीच्या लग्नात, मी साठ पाहुण्यांना गार केलं. नवरदेवाच्या आईपाशी, चंद्रकलाबाईंपाशी पोचले आणि नेमकी रिकामी झाले. तेव्हापासून दोन्ही विहिणींचं बोलणं बंद. माझा काय दोष? मी बाटली आहे, विहीर नव्हे.

चार वर्षं फळीवर धूळ खाल्ली. मग नाल्याच्या वरच्या अंगाला असलेल्या रंगाच्या कारखान्यानं त्यात घाण सोडली. कलाबाईंच्या विहिरीचं पाणी काळं झालं, संत्र्याचा बहार गळू लागला. बाईंनी त्याच पाण्यानं मला भरलं आणि पिशवीत घालून निघाल्या.

जिल्ह्याचे साहेब म्हणाले, "कायदा दिल्लीचा आहे." दिल्लीचं पत्र आलं, "पाणी हा राज्याचा विषय आहे." भोपाळवाले म्हणाले, "जिल्ह्यात विचारा." प्रत्येक टेबलावर माझं कौतुक झालं, नमुना झकास म्हणाले. बूच मात्र एकानंही उघडलं नाही.

शेवटी एका म्हाताऱ्या बाबूनं चष्मा पुसत सांगितलं, "बाई, हा नाला खाली महाराष्ट्रात जाते ना? तिकडून तक्रार आली तर मामला दोन राज्यांचा होते. मग दिल्लीले टाळता येत नाही."

"तिकडे कोन हाय मायं?" बाई म्हणाल्या आणि त्यांना एकदम आठवलं. तिकडे, नाल्याच्या काठालाच, चंद्रकलाबाईंचं घर होतं.

दोन दिवस बाई कुढत बसल्या. तिसऱ्या दिवशी मला घेऊन त्या विहिणीच्या दारात उभ्या राहिल्या. "विहीनबाई, तुमची सही पाह्यजे."

चंद्रकलाबाईंनी मला बरोबर ओळखलं. "आनलं का आता सरबत?"

बाईंनी मान खाली घालून मला पुढे केलं. चंद्रकलाबाईंनी बूच काढलं आणि नाकाला पदर लावला. "अवं माय, हेच पानी आमची म्हैस पिऊन राहिली."

लगेच सही झाली. महिना-दोन महिन्यांत दिल्लीचे साहेब आले, कारखान्याचा पाइप बंद झाला. विहीर आता हळूहळू निवळून राहिली आहे.

मित्रांनो, सरहद्द साहेबांना कळते, नाल्याला कळत नाही. पाणी जपा. सोयऱ्यांशी बोलणंही ठेवा, कधी कोणाची सही लागेल सांगता येत नाही. आणि मला कोणीतरी राखेनं घासून धुवा. परवा चंद्रकलाबाई येणार आहेत, आणि या वेळी पहिला पेला त्यांचाच आहे.