पिक्चरमधल्या मॅडम

दिग्रसच्या आमच्या नगर परिषदेच्या शाळेत पिक्चरवाले येणार असं कळलं, तेव्हा मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर चांगली साडी इस्त्रीला टाकली. उगाच खोटं कशाला सांगू? बावीस वर्षं मी सातवीला शिकवतेय. एवढ्या वर्षांत माझा वर्ग बघायला साहेब लोक सोडून कुणी आलं नव्हतं, आणि साहेबही वर्ग कमी आणि रजिस्टरच जास्त बघायचे.

दिग्दर्शक कपिल मूळचा यवतमाळचा, आता पुण्यात राहून पिक्चर काढणारा पोरगा. त्याला खरी शाळा हवी होती, खरी मुलं, खरी बाई. "संवाद पाठ करायचे नाहीत मॅडम. रोज करता तेच करा, कॅमेरा आहे हे विसरून जा," तो म्हणाला. माझा वर्ग त्याला फारच आवडला. तांड्यावरून सायकल हाणत येणारा नेमसिंग, गॅरेजवाल्या शकीलभाईंचा अय्याज, किराणा दुकानवाल्यांची वैष्णवी, भीमनगरातली मुलं, कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांची मुलं. "अख्खा देश बसलाय तुमच्या वर्गात," असं तो म्हणाला आणि मी हुरळले. चक्क हुरळले.

पालकांच्या संमतीचे कागद मीच फिरून आणले. खुशीचे वडील धर्मपाल जिनिंगमध्ये फिटर. राजूरहून बदलून दोन महिन्यांपूर्वीच इथे आलेले. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, यात काई लफडं नाई ना?" मी म्हटलं, काळजी करू नका, पोरगी माझ्या वर्गात आहे. त्यांनी सही केली. खुशी तर आनंदाने नाचायचीच बाकी होती. नवी असूनही तिची वैष्णवीशी गट्टी जमली होती. दोघी एका बाकावर, एका डब्यात.

शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी ऑफिसातून निरोप आला, शिष्यवृत्तीची यादी आजच्या आज द्या.

आमची यादी करायची रीत सोपी. एससीवाले उभे राहा. नावं टिपली, बसा. व्हीजेवाले, म्हणजे विमुक्त जातीतले, उभे राहा. बसा. मग एसटी, मग अल्पसंख्याक. दोन मिनिटांत काम खलास. एकेकाला टेबलाशी बोलवत बसलं तर तास जातो. मुलांनाही सवय झालेली. अय्याज तर आपली पाळी यायच्या आधीच उभा राहून वाकून सलाम ठोकायचा आणि सगळा वर्ग हसायचा. यात काही वावगं आहे असं मला बावीस वर्षांत एकदाही वाटलं नाही. लाज वाटते, पण खरं तेच लिहितेय.

त्या दिवशी कॅमेरे चालू असतानाच मी यादी घेतली; एससीचे सात उभे राहिले. रजिस्टरमध्ये आठ होते. मी मान वर न करताच म्हटलं, "खुशी, तू काय मुहूर्ताची वाट पाहतेस? ऊठ."

खुशीने वैष्णवीकडे पाहिलं. मग उठली. तिचा चेहरा पाहिला तेव्हा कुठे मला आठवलं की ही नवी आहे. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला, "घाबरू नको बाळा, तुझ्याच फायद्याचं आहे," असं म्हटलं. कपिल नंतर म्हणाला, "मॅडम, हा तर पिक्चरचा जीव आहे." मी हसले. मला ते कौतुकच वाटलं.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी मागच्या बाकावर. का गं, असं विचारलं तर बोटाला ओढणी गुंडाळत म्हणाली, "आई म्हनते, ज्याचा त्यानं डबा खावा." पोरगी वाईट नाही. पण तिच्या आईला काय सांगणार मी? ती तर आमच्या शाळेच्या समितीत आहे.

त्याच संध्याकाळी धर्मपाल जिनिंगमधून परस्पर शाळेत आले. केसांवर कापसाचे तंतू तसेच. त्यांनी आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"मॅडम, आमी काई लपवून नाई राह्यलो. घरावर निळा झेंडा आहे आमच्या. पन कोनाले काय सांगाचं, कवा सांगाचं, ते पोरीनं ठरवावं ना? राजूरच्या शाळेत गुरुजी एकेकाले जवळ बोलवून फॉर्म भरत. म्हून तिले समजलंच नाई, काहून उभं राहा लागते ते. आता झालं ते झालं. पन पिक्चरमंदी ते नका दाखवू. गावभर दिसन. वर्गातल्या पोरांचं समजू शकतो, पन सारं गाव?"

"ते काढायला लावते," मी म्हटलं. "माझा शब्द." आणि तेव्हा मी ते अगदी मनापासून म्हटलं होतं.

कपिल महिन्याभराने लॅपटॉप घेऊन घरी आला. मी चहा ठेवला आणि विषय काढला. त्याने कपाळाला हात लावला नाही, की वादही घातला नाही. फक्त म्हणाला, "मॅडम, प्रसंग काढता येणार नाही, पण खुशीला काढता येईल. दोन कॅमेरे होते. दोन्ही बघा."

पहिल्यात मागून घेतलेला वर्ग होता. खुशी हळूहळू उठते, मी येते, तिच्या खांद्यावर हात ठेवते. माझं आधीचं बोलणं त्यात ऐकूच येत नव्हतं. माझीच मला ओळख पटेना, इतकी मायाळू दिसत होते मी.

दुसऱ्यात नुसता माझा चेहरा. खुशी कुठेच नाही. तोंडात सुपारी, नजर रजिस्टरवर, आणि "मुहूर्ताची वाट पाहतेस?" एवढंच ऐकू येतं. नाव कापून टाकू, असं कपिल म्हणाला. बाई कुणाला उठवतेय हे कुणालाच कळलं नसतं. फक्त बाई कळली असती.

"तुम्ही म्हणाल तो ठेवतो. सही तुमचीही लागेल," तो म्हणाला.

मी विचार करते असं म्हणाले, पण विचार कसला करायचा होता? मुख्याध्यापकपदाच्या यादीत माझं नाव पहिलं होतं. लेकीचं सासर पुसदला, तिकडेही पिक्चर जाणार. शाळेतल्या बाया तर माझं काही चुकायची वाटच पाहत बसलेल्या. मी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "पहिलाच ठेव. तोच बरा वाटतो." नेमकं असंच म्हटलं.

धर्मपालना मात्र मी रस्त्यात गाठून सांगितलं, "भाऊ, मी खूप भांडले त्याच्याशी. ऐकतच नाही तो. कागदावर सही आहे म्हणतो." ते म्हणाले, "तुमी भांडल्या ना, बस झालं. आपल्या बाजूनं कोनी बोललं, हेच लय आहे." मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण वाटून काय होतं? मी भाजी घेतली आणि घरी आले.

पिक्चर मंगल कार्यालयात दाखवला. नगरसेवक, पालक, सगळी शाळा. मुलं पुढे सतरंजीवर बसून गलका करत होती. धर्मपाल तिसऱ्या रांगेत. सारी शाळा येते, तर माह्यी पोरगी घरी काहून राहीन, असं ते दारात मला म्हणाले होते. तो प्रसंग आला तेव्हा पुढचा गलका थांबला आणि मागून कुणीतरी "हे कोनाची पोरगी?" असं विचारलं. शेजारच्याने सांगितलंही. मग माझा हात खुशीच्या खांद्यावर आला आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवटी कपिल माइकवर बोलायला उभा राहिला. मुलं तोवर खाऊच्या पाकिटांवर तुटून पडली होती. त्याने माझं तोंडभर कौतुक केलं, आणि भरात बोलून गेला, "हा जो खुशीचा शॉट आहे ना, माझ्याकडे दुसराही होता. पण हाच ठेव, असं मॅडमच म्हणाल्या. त्यांची नजर बघा!"

मी तिसऱ्या रांगेकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमतच झाली नाही.

सोमवारी धर्मपाल शाळेत आले, सोबत खुशी. दाखला पाहिजे म्हणाले. तिला राजूरला आजीकडे ठेवणार होते. खुशी डेस्कमधली वही आणायला वर्गात गेली, तेवढ्यात मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं."

"पिक्चरवाल्याचा मले राग नाई," ते खालच्या आवाजात म्हणाले. "तुमी सरळ म्हनल्या असत्या का मले माह्यी इज्जत पाहा लागते, तरी मी समजलो असतो. खोटं काहून बोलल्या?"

मी दाखला भरत राहिले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात आमच्याकडे ठरलेलं असतं ते लिहिलं, पालकांच्या विनंतीवरून.

खुशी वही घेऊन आली. वाकून माझ्या पाया पडली. मी मागे सरकले, पण तिने पाय धरलेच.

"आजी एकटी आहे न मॅडम, म्हून जा लागते मले," ती म्हणाली. मग थोडी लाजत, "बाबांनी सांगतलं मले. तुमी माह्यासाठी त्या सरांसंग लय भांडल्या न?"

धर्मपाल शेजारीच उभे होते. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि तिला काहीच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.