डाव्या दाराला तडा

वकील व्यंकटरावांच्या लाल गाडीचं डावं दार आतून पुन्हा फुटलं, तेव्हा तातेरावकाकांनी त्यांच्या गाड्यांच्या कुशनकामाच्या दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर मला बजावलं, आता आणखी एकदा फुटलं की तू मशीनवर. मशीनवर म्हणजे मागच्या खोलीत, जीपच्या सीटकव्हरांना टिपा मारत. दारं, छत, डॅशबोर्ड हे पुढचं काम मग मुन्ना करणार. मुन्ना काकांचा मुलगा. दाराची क्लिप उलटी कुठली आणि सुलटी कुठली हे त्याला अजून विचारावं लागतं, पण त्याला मिशी आहे.

मशीनवर बसण्यात मला कमीपणा वाटत नाही. हिंगोलीजवळच्या गोरेगावहून मी या दुकानात आले ती मशीनवरच बसले होते. पण शिक्षा म्हणून बसायचं, आणि पुढं आलेल्या गिऱ्हाइकानं विचारायचं की ती पोरगी कुठं गेली, आणि काकांनी हसून विषय बदलायचा, हे मला सहन होणारं नव्हतं. एकदा मागं गेलेली बाई पुढं येत नाही. आमच्या हिंगोलीत तरी मी आलेली पाहिली नाही.

गाडी माझ्याच वयाची. परदेशी, दोन दारांची, इतकी बसकी की आत बसलं की पाटावर बसल्यासारखं वाटतं. साहेबांच्या मुलानं, अद्वैतनं, ती हौसेनं हैदराबादहून आणली आणि स्वतः पुण्याला नोकरीला निघून गेला. मग वकीलसाहेबांनी ती लग्नांना द्यायला सुरुवात केली. पैसा घेत नाहीत. अशिलाच्या पोराची वरात असो की भाच्याची, लाल गाडी हजर. लोक गाडीला टेकून फोटो काढतात आणि साहेबांचं नाव घेतात, त्यांचं पोट तेवढ्यावर भरतं. मागं दोन लेकरं कशीबशी बसतील एवढीच जागा आहे. तिथं नवरी कोंबायची, आणि नवरदेव पुढं डाव्या बाजूला ऐसपैस. ही आमच्याकडची शोभा.

दारं दोनच, म्हणून लांबलचक. आतलं पॅनलही तसंच लांब, वर रेक्झीन आणि खाली प्लास्टिक. इतक्या वर्षांच्या उन्हानं ते प्लास्टिक पापडासारखं झालेलं. दार ओढायला जी खाच असते तिथून तडा निघायचा आणि खालच्या कप्प्यापर्यंत जायचा.

काकांचं शास्त्र एकच, जितकं कडक तितकं पक्कं. पॅनल सोडवायचं, मागून फायबरचा कपडा लावायचा, त्यावर हार्डनर घालून रेझिन ओतायचं. वाळलं की दगड. मी तसंच केलं. जिथं जोडलं तिथं ते कधी फुटलं नाही. त्याच्या शेजारी फुटलं. काका म्हणाले थर जाड दे. जाड दिला. मग त्या जाड थराच्या काठाला सरळ रेघ मारल्यासारखं फुटलं.

वकीलसाहेब स्वतः दुकानात आले. मी समोर उभी असताना ते काकांशी बोलले. हाताला जोर नसेल त्यानं असली कामं घेऊ नयेत, असं त्यांचं म्हणणं. काकांनी उन्हावर ढकललं. काय करता साहेब, आपल्याकडचं ऊनच असं. साहेबांनाही ते पटल्यासारखं झालं. बाईचा हात आणि वरून ऊन, दोघांनी मिळून गाडीची वाट लावली म्हणायची.

"वकीलसाहेब," मी म्हटलं, "ऊन काय डाव्याच दाराला लागतं?"

ते माझ्याकडं पाहायला लागले. मी उजवं दार उघडून दाखवलं. तितकंच जुनं, तितकंच उन्हात उभं राहिलेलं, आणि धड. त्याला माझा हात लागलेला नव्हता हे खरं, पण दुसऱ्या कुणाचाही लागलेला नव्हता. साहेब कोर्टात याच्यावर काय बोलले असते माहीत नाही. दुकानात ते एवढंच म्हणाले की महिन्याअखेरीला अद्वैतचं लग्न आहे, आणि त्या दिवशी ही गाडी फुटकी दिसता कामा नये. ते गेल्यावर काकांनी मशीनचं ते वाक्य ऐकवलं.

गाडी चालवणारा खेमा. त्याला मी खोदून खोदून विचारलं की वरातीत त्या दाराचं काय होतं. तो म्हणाला, मी पुढं पाहून चालवतो, दाराकडं पाहिलं तर बँजोवाल्याच्या अंगावर घालीन. त्यानं मात्र एक गोष्ट अभिमानानं सांगितली. दर लग्नाआधी तो पॅनल डिझेलच्या फडक्यानं पुसतो, म्हणून ते चकाकतं. मी त्याला म्हटलं, चकाकतं आणि मरतं. तोंड वाकडं करून त्यानं फडकं सीटखाली ठेवलं.

अद्वैतच्या लग्नाआधी गाडी एकदा नरसीला जायची होती, साहेबांच्या एका अशिलाकडं. मी फुटकं पॅनल तात्पुरतं बसवून दिलं आणि खेमाच्या मागोमाग जीपनं नरसीला गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं. लग्नात जेवायला बोलावणं लागतं, पाहायला लागत नाही.

दिवेलागणीला वरात घरासमोर आली. आमच्याकडं नवरदेव नवरीला घेऊन घरात शिरताना बहीण दार अडवते. तुझी लेक माझ्या लेकाला देशील का, हो म्हण, मगच आत ये. हे पूर्वी उंबऱ्यावर व्हायचं, अजूनही होतं. पण वराती गाडीतून यायला लागल्यापासून बहिणींना तेवढा धीर राहिला नाही. त्या गाडीचंच दार धरतात.

नवरदेवानं दार उघडलं तशी त्याची बहीण मधे आडवी उभी राहिली. एक हात गाडीच्या खांबाला, दुसऱ्या हाताची बोटं दाराच्या खाचेत. नवरदेवाचे भाऊबंद तिला बाजूला ओढायला लागले आणि ती काही सोडेना. चांगली धट्टीकट्टी बाई, सगळं वजन घेऊन त्या पॅनलला लोंबकळलेली. मागून आणखी दोघी तिच्या बाजूनं आल्या. हसणं, शिट्ट्या, बँजो. कट् असा आवाज झाला तो त्या गोंधळात कुणाला ऐकू गेला नाही. मला गेला.

घरी येताना मला राग यायला हवा होता, उलट डोकं एकदम शांत झालं. ऊन प्लास्टिक म्हातारं करतं. डिझेल त्याला आणखी सुकवतं. पण फोडतो तो हात. आणि तो हात हक्कानं येतो, तो कुणी थांबवणार नाही.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, मग साहेबांना सांग बायकांना ताकीद द्यायला. साहेबांनाही फोन केला. साहेबांनी घसा खाकरून सांगितलं की आमच्या घरात असले प्रकार होणार नाहीत, मी संपदाला बोलतो. संपदा त्यांची मुलगी, अद्वैतची धाकटी बहीण, परभणीला दिलेली. ती लग्नासाठी आली होती. दुसऱ्याच दिवशी ती स्वतः दुकानात हजर झाली, दाराची काय भानगड आहे ते पाहायला. मी सरळ विचारलं, "ताई, तुमी दार धरणार का?"

"धरणार," ती म्हणाली. "बाबांनी सांगितलंय धरू नको म्हणून. आता तर नक्की धरणार."

तिच्यावर चिडावं असं त्यात काही नव्हतं. मीही धरलं असतं. मी पॅनल टेबलावर घेतलं.

आधी जुनं रेझिन काढलं. गरम हवा मारायची आणि पातळ पात्यानं उचलायचं. ते निघताना प्लास्टिक रडतं, हळूच घ्यावं लागतं. सगळे तडे उघडे पडले. प्रत्येक तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडलं, म्हणजे तो पुढं पळत नाही, गोल भोकाशी येऊन थांबतो. मागून फायबरऐवजी जाड कॅनव्हास चिकटवलं, चांभार चपलेला लावतो त्या रबरी सोल्युशननं. वाळलं तरी वाकतं. स्क्रूची भोकं थोडी मोठी केली आणि खाली ट्यूबच्या रबराचे वॉशर कापून घातले. उन्हात प्लास्टिक फुगतं, त्याला हलायला जागा पाहिजे. तुटक्या क्लिपा फेकून नव्या घातल्या.

काका दोन वेळा येऊन अंगठ्यानं दाबून गेले. तिसऱ्यांदा त्यांच्यानं राहवलं नाही.

"मऊ करून राहिली तू. मऊ काम टिकत न्हाई."

"काका, तुमचं कडक काम तीनदा फुटलं."

"माझं काहून? हात तुझा होता."

"हात माझा, रीत तुमची. आता रीत पण माझी. फुटलं तर मी स्वतः मशीनवर जाऊन बसते, तुमाला सांगावं लागणार न्हाई."

ते गल्ल्यावर जाऊन बसले. मुन्ना हसत होता.

पण खरं काम पुढं होतं. पॅनल कितीही मऊ केलं तरी तीन बायांचं वजन त्यानं का सोसावं? दार लोखंडाचं आहे, लोखंडानं सोसावं. भंगारात आलेल्या एका जीपचा सीटबेल्ट कापला, दुहेरी करून शिवला, वर लाल रेक्झीन चढवलं. तो पट्टा खाचेतून आत घेतला आणि दोन बोल्टांनी दाराच्या लोखंडी सांगाड्याला आवळला. खाच त्या पट्ट्यानं भरून गेली, तिथं बोटं घालायला जागाच ठेवली नाही. धरायचं म्हटलं की पट्टाच हातात येणार. पॅनलला त्याचा स्पर्श होतो, भार होत नाही.

"दाराला येसण घातली का काय?" मुन्नानं विचारलं.

"व्हय. आता तू बैल हो. लोंबकळ."

तो पाय पोटाशी घेऊन खरंच लोंबकळला. गाडी एका बाजूला कलली, पॅनल जागचं हललं नाही. मुन्ना उतरला आणि तळहात चोळत म्हणाला, पट्टा जरा रुंद पाहिजे, हाताला कापतो. त्या दिवसातलं त्याचं एवढं एक वाक्य कामाचं होतं. मी पट्टा उसवून पुन्हा रुंद शिवला. खेमाला सांगितलं, डिझेल बंद, नुसतं ओलं फडकं. गाडी झाडाखाली लावायची आणि काच दोन बोटं उघडी ठेवायची, आत भट्टी होऊ द्यायची नाही.

अद्वैतच्या वरातीला आम्हाला रीतसर निमंत्रण होतं. काका नव्या टोपीत आले होते. मी पर्समध्ये पाना घेऊन आले होते.

गाडी साहेबांच्या घरासमोर थांबली. मागच्या खोबणीत नवरी, पुनम तिचं नाव, शालूसकट दुमडून बसवलेली. अद्वैतनं दार उघडलं आणि संपदा मधे उभी राहिली. तिचा हात खाचेकडं गेला. बोटांनी पट्टा चाचपला, मग मूठ आवळली.

अद्वैत रीतीप्रमाणे म्हणाला, देतो बाई, लेक झाली की तुझ्या लेकाला देतो.

"लेक नको," संपदा म्हणाली. "ही गाडी मला चालवायला देशील?"

बँजो वाजतच राहिला, पण घरातली माणसं अद्वैतकडं पाहायला लागली. ही गाडी संपदाला कधी हात लावू दिलेली नव्हती, हे मला तेव्हा कळलं. अद्वैतनं वडिलांकडं पाहिलं. वकीलसाहेबांनी नजर गाडीच्या टपावर लावली. हो म्हणायला एवढा वेळ लागतोय म्हटल्यावर चुलतभाऊ पुढं झाले आणि संपदाला ओढायला लागले. तिच्या बाजूनं तिच्या आत्या आल्या, मावशी आल्या, एकीनं तिच्या कमरेला विळखा घातला. एका मावशीनं पॅनलची वरची कड धरली. मी पर्समध्ये हात घालून पाना धरला. कड वाकली, मागं आली, पुन्हा वाकली. संपदा दोन्ही हातांनी पट्ट्याला धरून पार तिरपी झाली होती आणि दार बिजागरीपर्यंत करकरत होतं. काका माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्या ओठांची हालचाल थांबली होती, पान तसंच गालात.

नरसीला एवढ्या वेळात ते केव्हाच फुटलं होतं. इथं ओढाताण संपेना, कारण अद्वैत हो म्हणेना.

शेवटी मागच्या खोबणीतून पुनमचा आवाज आला. "अहो, द्या की. माझे पाय बधिर झालेत."

सगळे हसले. अद्वैत म्हणाला, दिली. संपदानं वडिलांकडं वळून विचारलं, ऐकलं ना, आणि मगच हात सोडला. मुठीवर पट्ट्याचा लाल वळ उठला होता. साहेब आत गेले.

वरात घरात शिरल्यावर अंगणात गाडी, खेमा आणि आम्ही दोघंच उरलो. काकांनी दार पूर्ण उघडलं, चष्मा लावला, आणि अंगठा खाचेपासून खालच्या कप्प्यापर्यंत सावकाश ओढत नेला. मग परत वर आणला. वरची कड दाबली. ती वाकली आणि जागेवर आली. एकाही भोकापुढं तडा गेला नव्हता. मी पर्समधला पाना काढून बोल्ट तपासले, त्यातला एक अर्धा आटा ढिला झाला होता. आवळला.

काकांनी पान थुंकलं.

"उद्या उजवं दार पण असंच करून टाक," ते म्हणाले. "आता साहेबांची पोरगी तिकडं बसून चालवणार म्हणल्यावर लोक तिकडून पण धरतील."

"करते," मी म्हटलं. "पण पट्टे शिवायला माणूस लागंल. मुन्नाला सकाळी मशीनवर बसवा."

काकांनी चष्मा खिशात घातला. नाही म्हणाले नाहीत.