एका तारेची गाडी

दत्तात्रेय गुप्ते मास्तरांना परक्या घरात झोप येत नसे. हा आजार नव्हे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि आजारच नसल्यामुळे त्यावर औषधही नव्हतं. पेणच्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवताना त्यांनी मुलांकडून हजारो क्षितिजं काढून घेतली. स्वतः मात्र शेवटच्या एसटीने घरी परत. त्यांच्या पत्नी कमलिनीबाई यांचं माहेर रोह्याला, म्हणजे गाडी वेळेवर सुटली तर दीड तासावर. तरी लग्नानंतरच्या बत्तीस वर्षांत त्या तिथे सलग दोन रात्री राहिल्या नव्हत्या. कारण मास्तरांना आपल्या घरात एकट्यानेही झोप येत नसे. ही त्या नसलेल्या आजाराची पुरवणी होती.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात बाईंच्या भावाच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न ठरलं. बाईंनी पत्रिका फडताळावर ठेवली आणि म्हणाल्या, "या खेपेला मी आठ दिवस राहणार. तुम्ही झोपा नाहीतर जागे राहा."

मास्तरांनी चार दिवस विचार केला आणि एक जुनी मॅटॅडोर विकत घेतली. आधी ती एका बेकरीची होती, त्यामुळे तिला खारीचा वास होता. परदेशी कॅलेंडरात त्यांनी पडदे लावलेली, आत बिछाना असलेली गाडी पाहिली होती. घर परकं असेल तर आपलं घरच दारात नेऊन उभं करावं, असा हा हिशेब. सुताराने आत फळ्या ठोकल्या, त्यावर मास्तरांची नेहमीची गादी आली, नेहमीची उशी आली. राहिला टेबलफॅन. त्याची घरघर कानावर आल्याशिवाय मास्तरांचा डोळा लागत नसे, आणि गाडीच्या बॅटरीवर तो चालत नव्हता. यजमानांच्या घरातली वीज गाडीपर्यंत आणायला हवी होती. त्यासाठी काळुरामला गाठायचं ठरलं.

काळुराम वडखळच्या पुढचा, खाडीकाठच्या आगरवाल्यांतला. बाप मिठाच्या आगरात, आजा मिठाच्या आगरात. हा एका कंत्राटदाराच्या हाताखाली वायरिंग शिकला आणि मिठातून सुटला. त्याच्याकडे लायसन नव्हतं, दुकान नव्हतं, पाटीही नव्हती. त्याच्याकडे एकच गोष्ट होती. वीस वर्षांत त्याच्या फिटिंगचा कुणाला शॉक बसला नव्हता. खारेपाटातल्या, म्हणजे त्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, बायका लहान पोराला बटण दाबू देताना म्हणत, "दाब रं, काळुरामचा हाय." एवढ्या एका वाक्यावर त्याचं घर चालत होतं, आणि मानही.

मास्तर गाडी घेऊन त्याच्या अंगणात गेले. काळुरामने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"मास्तर, ही गाडी आपल्याच पद्धतीची हाय."

"म्हणजे?"

"हिच्या दिव्यांना एकच वायर हाय, बघा. दुसरी वायरच नाय. परत जायला बॉडी. आमच्या आळीत पण मी तसाच करतो."

मग त्याने आपली पद्धत समजावली. खाऱ्या वाऱ्याने खांबावरची न्यूट्रलची, म्हणजे करंट परत नेणारी, तार वर्षातून दोनदा गळून पडते, आणि माणूस येऊन ती जोडीपर्यंत आळी अंधारात. म्हणून काळुरामने फार पूर्वीच न्यूट्रलचा नाद सोडला होता. फेजची तार घरात घ्यायची आणि परतीसाठी अंगणात लोखंडी सळई ठोकायची. खारी जमीन करंट असा ओढून घेते की बल्ब पिवळासुद्धा पडत नाही.

"आणि हे सुरक्षित आहे?" कमलिनीबाईंनी विचारलं. त्या गाडीतच बसून होत्या. आठ दिवसांची बॅग त्यांनी आधीच भरली होती.

"वयनी, वीस वर्सं झाली. झिणझिणी नाय कुणाला."

मास्तरांना ही योजना फार आवडली. कमी रेषांत चित्र उभं राहावं, असं ते मुलांनाही सांगत. काळुरामने गाडीच्या बाजूला भोक पाडून रबराची गोल चकती बसवली, तिच्यातून एकच लांब वायर आत घेतली. पंखा आणि बल्ब यांची दुसरी टोकं गाडीच्या पत्र्याला नटबोल्टने आवळली. पत्र्यापासून एक तार सळईला. सळई अंगणात ठोकली, ती दह्यात चमचा जावा तशी गेली. घरातून फेज जोडली. पंखा घरघरला. मास्तर गादीवर आडवे झाले ते चहा आला तेव्हा उठवावे लागले.

"पास," कमलिनीबाई म्हणाल्या.

रोह्याला जोडणी करून द्यायला काळुरामही बरोबर निघाला. गडबला गाडी तापली, तिला पाणी पाजलं. नागोठण्याला मास्तर तापले, त्यांना सरबत पाजलं. आणि सकाळी दहाच्या सुमाराला मॅटॅडोर रोह्याला टेकडीखाली, बाईंचे भाऊ अप्पा यांच्या अंगणात शिरली. मांडव उभा राहत होता. अप्पांनी गाडीकडे पाहिलं, मग मेहुण्यांकडे पाहिलं.

"दाजी, घरात पाच खोल्या आहेत."

"माहीत आहे. तुमच्याच आहेत त्या."

अप्पा मांडवाकडे वळले. बत्तीस वर्षांत ते या विषयावर सगळं बोलून झाले होते.

काळुरामने सळई काढली आणि पहिला घाव घातला. सळई वीतभर गेली आणि टणकन उभी राहिली. खाली जांभ्याचा खडक. त्याने जागा बदलली. पुन्हा वीतभर. तिसऱ्या जागी हातोडा उडून मांडववाल्याच्या पायाजवळ पडला.

"काय रे, विहीर खणतोस काय?" मांडववाला ओरडला.

"तुमची जमीन हाय का भिंत?" काळुरामने उलट विचारलं.

शेवटी वीतभर सळईवरच त्याने भागवलं आणि फेज जोडली. बल्ब निखाऱ्यासारखा तांबडा झाला. पंख्याने एक पातं हलवलं आणि तो विचारात पडला. काळुरामला वाटलं, जमीन तहानलेली आहे. तो सळईच्या बुडाशी पाणी ओतण्यासाठी बादली आणायला मागे वळला.

तेवढ्यात गाडीच्या दुसऱ्या बाजूने, न्हाणीघरातून पाय धुऊन आलेल्या कमलिनीबाईंनी ओल्या अनवाणी पायांनी येऊन दाराच्या मुठीला हात लावला.

त्यांच्या तोंडून आवाजही फुटला नाही. हात झटकला गेला आणि त्या मागे बसल्या, मग आडव्या झाल्या. काळुरामने बादली टाकली, धावत जाऊन घरातली वायर खेचून उपटली. मास्तर "अगं, अगं" एवढंच म्हणत राहिले. कुणीतरी खुर्ची आणली, कुणी साखरपाणी. बाईंचा हात कोपरापर्यंत बधिर झाला होता, ओठ पांढरे पडले होते. पण त्या बोलत होत्या, म्हणजे होत्या.

माणसं पांगल्यावर काळुरामने मांडववाल्याला लांब उभं केलं, वायर पुन्हा जोडली आणि टेस्टर गाडीच्या पत्र्याला लावला. आतला बल्ब धड लागत नव्हता. टेस्टर मात्र लख्ख पेटला. गेलेला करंट जमिनीत उतरलाच नव्हता. तो रबरी टायरांवर उभ्या असलेल्या गाडीच्या अंगभर थांबून राहिला होता, कुणीतरी वाट करून देईल म्हणून. वाट वयनींनी करून दिली. त्याने वायर काढली आणि तो तिथेच उकिडवा बसला.

अप्पा समजूतदारपणे म्हणाले, "आमच्याकडे व्होल्टेज असंच आहे हो. काल फ्रिजपण बंद पडला."

"तरी मी म्हणतच होतो," मास्तरांना धीर आला. "इथलाच करंट खराब. आमच्या पेणला काळुरामच्या फिटिंगने कधी कुणाला..."

वाक्य तयारच होतं. काळुरामने नुसती मान हलवायची होती; संध्याकाळपर्यंत सगळ्या मांडवात रोह्याचा करंट बदनाम झाला असता आणि काळुराम जसा आला तसा परत गेला असता.

"तुम्ही दोघं गप्प बसा," कमलिनीबाई खुर्चीतून म्हणाल्या. "काळुराम, तू सांग. मला इथे आठ दिवस राहायचंय. पोरंटोरं या गाडीला हात लावणार. काय झालं?"

काळुरामने हातातल्या टेस्टरकडे पाहिलं.

"करंट चांगला हाय, वयनी. चूक माझी. मी खारेपाटातली अक्कल घेऊन जांभ्यावर आलो. आमच्याकडं जमीन सांभाळून घेते. मना वाटलं, ते माझंच कसब."

मास्तरांना हे उत्तर आवडलं नाही. वीस वर्षांचं नाव माणसाने असं एका दुपारी अंगणात ठेवून द्यावं, हे त्यांना अव्यवहारी वाटलं. कमलिनीबाईंनी मात्र साखरपाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "मग आता बरोबर कसं करायचं?"

त्याने बरोबर केलं. पत्र्याला आवळलेले बोल्ट काढले, बाजारातून तीन तारांची केबल आणली, फेज आणि न्यूट्रल दोन्ही घरातून घेतल्या, आणि पत्र्याला फक्त अर्थिंग जोडलं, तेही अप्पांच्या घराच्या खड्ड्यातून, जो त्यांच्या वडिलांनी कोळसा-मीठ घालून करून घेतला होता. टेस्टर पत्र्यावर पाच ठिकाणी लावून बघितला. मग चप्पल काढून, पाय ओले करून, दाराची मूठ स्वतः धरली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. पंखा घरघरला.

"जेवून जा," बाई म्हणाल्या. "लग्नाला थांब."

"नाय वयनी. मना घरी काम हाय."

एसटीत त्याला खिडकी मिळाली, पण बाहेर काय दिसलं ते त्याला सांगता आलं नसतं. जमीन बदलली की पद्धत मोडते, हे त्याला रोह्यात कळलं होतं. नागोठण्यानंतर दुसरी गोष्ट कळली, आणि ती जास्त वाईट होती. जमीन न बदलताही पद्धत मोडू शकते. मिठाच्या आगरात पाणी घ्यायचं गंजलेलं दार बापाने किती वेळा बदललं, ते त्याने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याच मिठात त्याने वीस वर्षांपूर्वी सळया ठोकल्या होत्या आणि परत कधी बघितल्या नव्हत्या. कारण कुणाला झिणझिणी आली नव्हती.

घरी न जाता तो सखाच्या अंगणात गेला. एक तार आणि सळई असं पहिलं घर सखाचं होतं.

"मेन स्विच बंद कर."

"का रं? टीवी चालू हाय."

"कर म्हणतो ना."

सखाने कुरकुरत खटका पाडला. काळुरामने सळई दोन हातांनी धरून ओढली. जोर लावायची गरजच पडली नाही. पाच फूट ठोकलेली सळई हातभर निघाली. खालचं लोखंड तिथे नव्हतंच, नुसता तांबडा चुरा होता.

सखा तो तुकडा हातात घेऊन उलटासुलटा करत राहिला. "मंग इतके दिस बल्ब लागला कसा?"

"खाडीच्या ओलीवर. आता मे हाय. ओल खाली चालली. ती गेली की करंट तारेतच थांबणार, हात लावील त्याची वाट बघत."

"सून रोज मिक्सर लावते रं याच्यावर."

काळुराम बोटांवर मोजत होता. त्याला आळीतली घरं आठवत होती. एकवीस होती. मग पलीकडच्या पाड्यातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारोदार गेला आणि प्रत्येक उंबऱ्यावर तेच बोलला. माझं काम चुकीचं आहे, खटका पाडून ठेवा, मी येऊन नवीन करून देईपर्यंत काही लावू नका. लोकांनी आधी हसून घेतलं. नंतर सखा तो तुकडा घेऊन त्याच्यामागून फिरायला लागला, तेव्हा हसणं थांबलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा बायको, सगुणा, भाकरी थापत होती. तिने वर न बघताच विचारलं,

"नळावर बायका काय बोलतात, ठावं हाय?"

"काय?"

"काळुरामनं सगल्या आळीत करंट सोडून ठेवलाय. पोरं बटणाला हात लावायला गेली की आया ओरडतात, नको रं, काळुरामचा हाय."

काळुरामने घास गिळला.

"म्हंजे खटके बंद ठेवतात ना?"

"ठेवतात तर! तुझ्या नावानं नुसत्या घाबरतात."

"बरं झालं," तो म्हणाला आणि हात धुऊन पक्कड घेऊन आठव्या घराकडे निघाला.