फुंकलेली नळी

ह्यांच्या पोटातून निघालेल्या नळीला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा होता आणि तो मी केला होता. ह्यांची मूत्रपिंडं बसली तेव्हा दवाखान्याच्या मशीनपाशी खेटे घालण्यापेक्षा घरचं डायलिसिस आम्ही पत्करलं. त्या नळीतून पोटात औषधाचं पाणी सोडायचं, घाण शोषली की काढून टाकायचं. दार बंद, पंखा बंद, तोंडाला मास्क, हात कोपरापर्यंत धुतलेले. आमच्या गावात, निंबोल्यात, मला फौजदारीण म्हणायचे. म्हणोत बापडे, त्यांच्या नवऱ्यांच्या पोटाला भोक नव्हतं.

त्या दिवशी मी औषधं आणायला बुऱ्हाणपूरला गेले होते. इकडे मी जोडून गेलेल्या पिशवीत ह्यांचं पाणी उतरेना. घरात जेठ होते, ह्यांचे थोरले भाऊ, सुकलालभाऊ. केळीच्या बागेत ठिबकची नळी चोंदली की आमच्याकडे कोणीही टोक सोडतो, तोंड लावतो आणि फुंकतो. कचरा उडून जातो, पाणी सुरू. भाऊंनी तेच केलं. पिशवीपासून नळी सोडवली आणि माझ्या नवऱ्याच्या पोटात फुंकलं. मी परतल्यावर त्यांनी ते कौतुकाने सांगितलं, पाणी कसं झरझर उतरलं तेही.

दुसऱ्या दिवशी पिशवीत पाणी आलं ते भाताच्या पेजेसारखं. हे पोट धरून गुरासारखे ओरडत होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले की पोटात जंतू पसरलेत, इंजेक्शनांनी पाणी निवळलं तर ठीक, नाहीतर नळी काढावी लागेल, आणि जिवाचंही आत्ताच काही सांगता येत नाही.

मी बाहेर आले. आवारात भाऊ जेवणाचा डबा घेऊन उभे होते. आमच्यात जेठापुढे डोक्यावरचा पदर ढळू देत नाहीत. माझा पदर कमरेला खोचलेला होता. मी त्यांच्या हातातला डबा हिसकला आणि तोंडावर हाणला. भुवई फाटली, वरणात रक्त मिसळून मिशीवर आलं. दुसरा तडाखा कानावर बसला, तिसरा कुठे बसला ते मला ठाऊक नाही. चौकीदाराने मागून धरलं तर त्यालाही कोपर खावं लागलं. भाऊंनी हात वर केला नाही. ते नुसते मार खात उभे राहिले, त्याने माझा राग आणखी पेटला. त्या क्षणी ते मेले असते तरी मला चाललं असतं.

आत गेले तर ह्यांची नजर साडीवर.

"कोनाचं रगत हाय?"

मी सांगितलं. काही लपवलं नाही. तापाने फणफणलेल्या माणसाने उशाचा स्टीलचा पेला उचलला आणि फेकून मारला. तो माझ्या गालफडावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मीच सांगतलं त्याले फुंक म्हनून," हे म्हणाले. "तो नाहीच म्हनत होता. वंदनाले येऊ दे म्हने. म्या आईची शपथ घातली."

"काहून?"

"सोताच्या पोटाचा बी मालक नाही मी. जवा पाहा तवा तुझी वाट पाहाची."

मला वाटलं, हीच नळी ह्यांच्या गळ्याभोवती आवळावी. पोटाला हात लावायची सोय नव्हती, एका हातात सलाईन होतं. गाल मोकळा होता. सणसणीत दिली. शेजारच्या खाटेवरची बाई देवाचं नाव घेऊ लागली. हे रडले आणि मीही रडले, पण पाणी बदलायची वेळ झाली होती. ज्या हाताने मारलं तो कोपरापर्यंत धुतला आणि मास्क लावला.

पाणी निवळलं की नाही, ते बघायची एक रीत आहे. भरलेली पिशवी वर्तमानपत्रावर ठेवायची आणि तिच्यातून खालची अक्षरं वाचता येतात का बघायचं. रोज ठेवत होते आणि रोज नुसता पांढरा ढग दिसत होता. भाऊ रोज डबा आणायचे, दारातच ठेवून जायचे. सगळ्यांना मोटरसायकलवरून पडलो म्हणून सांगत होते.

एका सकाळी पिशवीखाली काळं काहीतरी दिसलं. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा राहिला नव्हता. मी डोक्यावर पदर घेतला आणि दाराकडे वळले.

"भाऊ, हात धुऊन आत या. हे वाचून दाखवा."

ते आले. भुवईवर टाके, कान अजून निळा. हात पाठीमागे घट्ट बांधून वाकले, अन् चुकूनही नळीच्या दिशेने श्वास जाऊ नये म्हणून तोंड बाजूला वळवून, तिरक्या नजरेने वाचू लागले.

"केळीचे भाव वधारले," त्यांनी वाचलं. पुढचंही स्पष्ट दिसत होतं, पण त्यांना वाचवेना.