एक ते तीन

"ह्या नळापासून सात पावलं," असं म्हणत ती बाई मोजत मोजत माझ्या मुळ्यांच्या वाफ्यातून सरळ आली आणि खोलीपुढच्या ओट्याशी थांबली. हातात चौकटीच्या वहीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं काढलेला नकाशा. "इथंच."

वय सत्तरीचं, अंगात चांगला कोट. तिकडे पूर्वेला, पोल्ताव्हाच्या शाळेत जर्मन शिकवायची, त्यामुळे बोलणं आमच्यापेक्षा शुद्ध.

बर्लिनच्या ह्या टोकाला, रुळांलगत, आमच्या भाड्याच्या बागा आहेत. प्रत्येकाला एक तुकडा आणि त्यावर एक लाकडी खोली. पाण्याचं काम माझ्याकडे: थंडीआधी नळ बंद करायचे, मार्चमध्ये सोडायचे. जमिनीखालचे पाइप मला तोंडपाठ आहेत. अगदी सरळ रेषेत जातात, दर बारा पावलांवर फाटा. बागांसाठी असे पाइप कोणी टाकत नाही. ते बराकींचे आहेत, दुसऱ्या महायुद्धात सक्तीनं आणलेल्या मजुरांच्या, हे मला तीस वर्षांपासून माहीत होतं. कोणी विचारलं नाही, मी तोंडात मिठाची गुळणी धरली. खरं तर कोणी विचारू नये असंच वाटायचं.

"आईला अठराव्या वर्षी उचलून आणलं," बाई म्हणाली. "पलीकडच्या कारखान्यात कामाला. इथंच तिला मुलगा झाला, पेत्रो. तीन महिने जगला. कुठं पुरला, ते तिला कुणी सांगितलं नाही. ती मागच्या हिवाळ्यात गेली. तिच्या थडग्यावर टाकायला मला मूठभर माती हवी आहे. तो जिथं निजायचा तिथली."

"पण खाली काँक्रीट आहे, बाई."

"ते नंतर ओतलं, तो गेल्यावर. तेव्हा नुसती रेती होती."

मी घण आणि छिन्नी घेऊन आलो. ओट्याचा कोपरा शोधला, घण उचलला, आणि कुंपणापलीकडून आवाज आला.

"एवाल्ट, घड्याळ बघितलंस ना?"

मार्क्वार्टबाई. आमच्या बागसंघाची अध्यक्ष. एक वाजून चार मिनिटं झाली होती. एक ते तीन आमच्याकडे शांतता. करवत नाही, गवत कापायचं यंत्र नाही, हातोडा नाही. माझा हात आपोआप खाली आला.

"तीनला फोडून देतो," मी म्हणालो.

"माझी बस साडेतीनची आहे. दोनला निघावं लागेल."

मी कुंपणाशी गेलो. "चार घाव फक्त. बाई लांबून आलीय गं."

"आज तुला चार, उद्या दुसऱ्याला चाळीस. मागच्या वर्षी त्या नव्या जोडप्याला कोण ओरडलं होतं? तूच ना?" मग आवाज उतरवून म्हणाली, "आणि उकरून काय मिळवायचंय तुला? स्मारकाची पाटी लागेल, माणसं येतील, मग नगरपालिका आपल्याला उठवेल. जाशील कुठं ह्या वयात?"

चोराच्या मनात चांदणं. माझीही भीती तीच होती.

परत आलो तर बाई खुर्चीत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"ही दुपारची शांतता आईलाही ठाऊक होती," ती म्हणाली. रागानं नाही, धडा समजावून सांगावा तसं. "छावणीबाहेरच्या घरांतून तक्रार यायची. पेत्रो दुपारी रडायचा. आई त्याच्या तोंडावर हात धरून बसायची."

एवढं ऐकूनही मी घण उचलला नाही. सांगताना लाज वाटते, पण नाही उचलला. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस मी, सत्तेचाळीस वर्षं पाइप जोडले, कुणाचा बोल लावून घेतला नाही. घड्याळात दीड वाजला, पावणेदोन झाले. मी तिला कॉफी दिली. ती थंड झाली.

शेवटी मी गुलाबाच्या वाफ्यातली ओंजळभर माती काढून दिली. "हीसुद्धा इथलीच," म्हणालो. एप्रिलमध्ये दुकानातून पिशवीनं आणलेली माती होती ती. बाईनं रुमालात बांधली, दोन गाठी मारल्या, माझा हात हातात घेऊन आभार मानले. मार्क्वार्टबाईलाही मान लववून नमस्कार केला. वाफ्यातून नाही, ह्या वेळी पायवाटेनं गेली.

तीन वाजले. शेजारी गवताचं यंत्र सुरू झालं. मी घण घातला. चार नाही, सहा घाव लागले. खाली बारीक, पिवळी रेती निघाली, अगदी कोरडी. तिच्यावर इतकी वर्षं पाऊस पडला नव्हता. मी गुडघ्यांवर बसून मुरंब्याची एक रिकामी बरणी भरली, झाकण लावलं, आणि पाठवायची म्हणून उठलो.

तेव्हा लक्षात आलं, मी बाईचं नाव विचारलं नव्हतं. पत्ता नाही, फोन नाही. पूर्ण तासभर माझ्या खुर्चीत बसली होती ती.

बरणीवर मागच्या वर्षीची चिठ्ठी होती. तिच्यावरचं 'आलुबुखार' खोडून मी मला माहीत असलेलं एकच नाव लिहिलं, पेत्रो. आणि खोलीतल्या फळीवर इतर बरण्यांच्या रांगेत ती ठेवून दिली.