भोंग्याच्या पोटात अडकलेलं मेंढरू

मित्रांनो, या जगात काही आवाज असे असतात की त्यांच्यामुळे माणसांची आयुष्यं बदलतात. माझा आवाज तसा होता. कन्हानच्या बाजारात तो घुमला की माणसं हातातली कामं टाकून उभी राहत. एका गरीब माणसाच्या मनातली मोठी गोष्ट त्यानं चारचौघांच्या काळजापर्यंत नेली.

हे मी इतकी वर्षं स्वतःलाच सांगत आलो आहे. खरं एवढंच की मी रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचा एक जुना भोंगा आहे. आणि माझ्या मालकाचं म्हणणं लोकांनी ज्या दिवशी नीट ऐकलं, त्या दिवशी मी दुसऱ्याच्याच तोंडाला होतो आणि साड्या विकत होतो.

माझा मालक रुपराव. नागपुरात इंदोऱ्याकडे त्याचं एका खोलीचं घर होतं आणि पत्र्याचं काम हा त्याचा धंदा. रॉकेलचे रिकामे डबे आणायचे, कापायचे, ठोकायचे, कथलानं झाळायचे आणि त्यांच्या चाळण्या, चिमण्या, धान्याचे डबे करायचे. बाजाराच्या दिवशी तो सगळा माल सायकलला बांधून कामठीवरून कन्हानला जायचा. सायकल दिसायची नाही. रस्त्यानं डब्यांचा एक ढीग आपला आपण चालला आहे असं वाटायचं.

रुपरावाचे आजोबा ख्रिस्ती झाले होते. म्हणजे रुपरावाला श्रद्धा घरबसल्या मिळाली होती. पण फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत त्याला जरा जास्तच कळली होती. त्याचं म्हणणं असं की चांगली बातमी पोटात ठेवून काय करायचं, तिचं काही लोणचं घालता येत नाही. ती सांगितलीच पाहिजे. अडचण एकच होती. रुपरावाचा आवाज सकाळच्या चहासारखा होता, म्हणजे कपाबाहेर जात नसे. ख्रिस्ती देवळात प्रार्थनेला तो उभा राहिला की मागच्या बाकावरच्यांना ‘आमेन’ अंदाजानं म्हणावं लागे.

म्हणून सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात त्यानं मला घडवलं. एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला पसरट, वर बादलीचा कान बसवलेला. पहिल्या दिवशी बाजारात घाबरून त्यानं माझं पसरट तोंड स्वतःकडे धरलं. त्याचा अख्खा चेहरा माझ्यात गेला. आतून ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ आलं ते खोल विहिरीतून आल्यासारखं. बाजार मनापासून हसला. माझं पहिलं यश ते.

दुसऱ्या वेळी त्यानं मला सरळ धरलं, आणि विरोध सुरू झाला. संत्र्याची सालं आमच्यावर आली. अख्खी संत्री कोणी फेकली नाहीत, त्या वर्षी भाव चढा होता. कोणी मागून डबा वाजवायचं, कोणी म्हणायचं, “काय गा, किती पगार देतो तुले तुहा देव?” रुपराव सालं झटकायचा आणि म्हणायचा, “पगार नाही गा. पगार असता तं डबे काहून ठोकले असते?” आणि पुढचं वाक्य बोलायचा. त्याचे पाय थरथरत असत. मला ते कळायचं, कारण थरथर हातातून माझ्यात यायची आणि लोकांना वाटायचं, आवाजात कंप आहे, भावनेचा असेल.

त्याच्या शेजारी पंचफुला बसायची, काचेच्या बांगड्या विकत. तिचं घराणं छप्पन साली बौद्ध झालेलं. तिनं पहिल्याच दिवशी त्याला सांगून टाकलं, “रुपरावभाऊ, आमचं झालं आहे. मी माह्या धम्मात खुश आहो. माह्याकडं तोंड करून बोलू नको.”

“बरं बाई,” रुपराव म्हणाला आणि मला थोडं पलीकडे वळवलं.

आता इथं कन्हानच्या बाजाराची एक रीत सांगितली पाहिजे. दर बाजारी काहीतरी हरवतं. शेळी सुटते, सासू गर्दीत मागे राहते. दवंडीवाला कोतवाल सरकारी कामाशिवाय ढोलकं काढत नसे. तेव्हा माझ्यासारखा भोंगा आयता आल्यावर लोक सोडतात का? ते रुपरावाकडे येऊ लागले. “भाऊ, माही बकरी गेली, जराक बोल ना.” आणि रुपराव येशूचं नाव अर्ध्यावर थांबवून बकरीचा रंग, कानाची खूण आणि मालकाचं गाव सांगायचा. बकरी सापडली की पुन्हा येशू. त्यामुळे मला मान मिळाला. ज्यांना देव नको होता, त्यांना बकरी हवी होती.

आणि यातूनच घोटाळा झाला.

एका बाजाराला रुपरावानं सुरुवात केली, “एका माणसाजवळ पुष्कळ मेंढरं होती. त्यातलं एक हरवलं.”

सगळा बाजार एकदम गप्प झाला. इतकी शांतता मला कधी मिळाली नव्हती. मी फुगलो.

“रंग कोणता?” कोणीतरी विचारलं.

रुपराव गडबडला. “पांढराच असन.”

“असन म्हंजे? मालकाले विचार ना,” पंचफुला म्हणाली. “कोण्या गावचा आहे मालक?”

खोटं बोलणं रुपरावाला जमत नसे. “लय दुरचा आहे,” तो म्हणाला. “पण तो स्वतः निघाला शोधाले. बाकीची मेंढरं तशीच ठेवली अन् एकासाठी रानात गेला.”

“एकासाठी बाकीची ठेवली? येडा आहे का?” एक मिरचीवाला म्हणाला. पण हळहळ सगळ्यांनाच वाटली. दोघं तरणे गडी काठ्या घेऊन नदीकडे पाहायला गेले. भैय्याजींच्या कापडाच्या दुकानात लुगडं पसंत करत बसलेल्या बाया लुगडं तसंच टाकून बाहेर आल्या.

भैय्याजी त्या बाजारातले वजनदार गृहस्थ. कोणी कुठे बसायचं ते त्यांच्या शब्दावर ठरे. वाईट माणूस नव्हता. रोज पहाटे पूजा, दारच्या गाईला पहिली पोळी. पण गिऱ्हाईक उठून गेलेलं कोणत्या धर्मात चालतं? ते बाहेर आले, पाहतात तो रुपराव.

“अंधार पडला,” रुपराव सांगत होता, “काटे टोचून राहिले, तरी तो हाका मारतच गेला, अन्—”

भैय्याजींनी मला त्याच्या तोंडापासून काढून घेतलं. तो ‘अन्’ माझ्या पोटातच राहिला.

“मेंढरू-फेंढरू काही हरवलं नाही,” भैय्याजी लोकांना म्हणाले. “हा तुमाले त्याच्या देवाचं सांगून राहिला.” मग रुपरावाकडे वळले. “हे पाहाय रुपराव. तुही जागा फाटकापाशी आहे, येणारा-जाणारा तुहे डबे पाहते. ती म्या दिली आहे. पुढच्या बाजारी डबे विकायचे असन तं ये. हे सांगायचं असन तं जागा गेली समज.”

“भैय्याजी, मी कोणाले काही देत नाही अन् काही मागत नाही,” रुपराव म्हणाला. “ज्याले ऐकायचं त्यानं ऐकावं.”

“या भोंग्यामुळं न ऐकणाऱ्यालेही ऐकावं लागते,” भैय्याजी म्हणाले. यात तथ्य होतं, आणि खरं सांगायचं तर मला थोडा अभिमानच वाटला. त्यांनी मला दुकानात नेलं आणि साड्यांच्या वर खिळ्याला टांगलं.

पुढचं मला तारामावशीनं सांगितलं, नंतर कधीतरी राखेनं घासताना. तारामावशी म्हणजे रुपरावाची बायको. घासताना ती भांड्यांशी बोलायची, आणि भांडीही मधे बोलत नसत. ती म्हणाली, त्या आठवड्यात रुपराव एकच विचारत राहिला. फाटकाजवळची जागा गेली तर डबे घेणार कोण?

तिनं त्याला सल्ला दिला. “बोलान तं बोला. मी नाही म्हणत नाही. पण आधी डबे विकून घ्या, मंग बोला.”

मित्रांनो, इतका व्यवहारी सल्ला मी कोणत्याही प्रवचनात ऐकलेला नाही. पण तो पाळायला बाजारानं वेळच दिला नाही.

पुढच्या बाजारी मी माझ्या खिळ्यावरून पाहत होतो. रुपरावानं सायकल लावली, डबे मांडायला घेतले. पहिला डबा जमिनीवर टेकायच्या आत पंचफुलानं विचारलं, “काय गा रुपरावभाऊ, ते मेंढरू सापडलं का?”

“हो ना, सापडलं का?” मिरचीवाला म्हणाला. “आपले गडी नदीपर्यंत पाहून आले.”

कळलं का मित्रांनो? भैय्याजींनी सांगितलं होतं की मेंढरू खरं नाही. ते लोकांना पटलंही होतं. पण त्यानं काही फरक पडला नव्हता. गोष्ट ‘अन्’वर तुटली होती, आणि आठवडाभर अख्खं कन्हान त्या ‘अन्’च्या पुढे काय, या विचारात होतं. घरोघरी दोन पक्ष पडले होते. एकाचं मत, लांडग्यानं खाल्लं. दुसऱ्याचं, चोरानं नेलं.

रुपरावाच्या हातात डबा तसाच राहिला. ‘सापडलं’ एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. लोकांचं समाधान झालं असतं, जागा राहिली असती, डबे विकले गेले असते. भैय्याजी दुकानाच्या पायरीवर उभे होते. त्यांनाही तो एक शब्द चालला असता, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं.

रुपरावानं डबा खाली ठेवला आणि बोलायला सुरुवात केली.

मी नव्हतो. त्याचा आवाज होता तेवढाच, कपाएवढा. मागच्यांना ऐकू येईना. मग मागचे पुढे आले. पुढचे खाली बसले. बायकांनी टोपल्या बाजूला सरकवल्या. मी असताना हे लोक नेहमी दूर उभे राहत, ऐकू येत होतं ना, मग जवळ कशाला जायचं? आता मात्र रुपरावाचा श्वास लागावा इतके ते जवळ होते. सालं फेकायला जागाच उरली नव्हती.

भैय्याजींनी ते पाहिलं, मला खिळ्यावरून काढलं आणि तोंडाला लावलं. “या या या! बारीक काठाची साडी! पक्का रंग!”

माझा आवाज काय वर्णावा. पारव्यांचा थवा उडाला. आणि सगळी गर्दी आमच्याकडे वळली. मला वाटलं, आता माझी किंमत कळली.

“भैय्याजी,” पंचफुला म्हणाली, “जराक थांबा ना. मेंढरू सापडून राहिलं.”

भैय्याजी थांबले. मीही थांबलो, दुसरा उपायच नव्हता. रुपराव बोलत राहिला. शेवटचं मला तिथून ऐकू आलं नाही. फक्त लोकांच्या माना दिसल्या, आधी पुढे झुकलेल्या आणि मग एकदम सैल पडलेल्या. मिरचीवाल्यानं डोळे पुसले, पण त्याचं काय धरायचं, तो मिरचीवाला होता.

गर्दी पांगल्यावर भैय्याजी मला घेऊन रुपरावाजवळ आले. माझ्या कडेवर त्यांनी बोटानं टकटक केली.

“सापडलं का मंग?” त्यांनी विचारलं.

“सापडलं. खांद्यावर घेऊन आला त्याले. रागावला नाही, मारलं नाही. शेजाऱ्यायले बोलावून जेवण दिलं.”

“हं.”

“पण गोष्ट मेंढराची नाही, भैय्याजी. मेंढरू मीच होतो. मले कोणी तरी शोधाले आलं, म्हणून मी सांगून राहिलो. नाही तं मले काय हौस आहे सालं खायची.”

“मेंढराची नाही ते मले पहिल्या दिवशीच समजलं होतं,” भैय्याजी म्हणाले. “म्हणून तं म्या थांबवलं.” त्यांनी मला त्याच्या हातात दिलं. “हा घेऊन जा. याच्यातून साडी विकल्या जात नाही. अन् रुपराव, म्या शब्द दिला होता. फाटकापाशी पुढच्या बाजारापासून दुसरा बसन. तू तिकडं बस, बकऱ्यायच्या बाजारात.”

“बरं,” रुपराव म्हणाला. त्यानं डबे पुन्हा सायकलला बांधले. एकही विकला गेला नव्हता.

घरी तारामावशीनं सगळं ऐकून घेतलं. “बकऱ्यायले डबे लागत नाहीत,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “पण बकऱ्यायच्या मालकायले लागत असन. दुधासाठी मापं करून पाहा.” आणि पीठ मळायला बसली.

मापं चालली. फार नाही, पण पोट चाललं. रुपराव पुढची सगळी वर्षं शेळ्यांच्या गर्दीत बसून, लेंड्या बाजूला सारत, हलक्या आवाजात आपली बातमी सांगत राहिला. कधी कोणी हुसकावलं, कधी कोणी हसलं. एकदा कोणीतरी सायकलची दोन्ही चाकं पळवली. तो पुढच्या बाजारी बसनं आला. देवळातल्यांनी पुढे बॅटरीवरचा लाउडस्पीकर देऊ केला, त्यानं हात जोडून परत केला. “दुरून ऐकू आलं की लोकं दूरच राहतात,” म्हणाला. मी खुंटीवरून हे ऐकत होतो. मला फक्त हरवलेल्या बकरीसाठी खाली काढत.

भैय्याजी ख्रिस्ती झाले नाहीत. पहाटेची पूजा आणि गाईची पोळी शेवटपर्यंत चुकली नाही. मात्र दर बाजारी ते बकऱ्यांच्या बाजूला एक चक्कर मारत आणि रुपरावाच्या शेजारी पोत्यावर बसत. कांदासुद्धा न खाणारा माणूस तिथं दर आठवड्याला काय पसंत करतो, हे कन्हानात कोणी विचारलं नाही.

आता रुपराव म्हातारा झाला आहे. आवाज आणखी खाली गेला आहे, त्यामुळे ऐकणाऱ्यांना आणखी जवळ बसावं लागतं. माझ्या कडांना गंज चढला आहे, बादलीचा कान निखळला आहे. तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं मी सांगायला हवं. माझ्यासारख्यांची तशी रीतच आहे. पण मला त्याहून दुसरं सांगावंसं वाटतं. तुमच्याजवळ सांगण्यासारखं खरं काही असेल, तर ते सांगा. जागा गेली तरी सांगा. आवाज लहान असला तर काळजी करू नका. आणि कोणी हळू बोलत असेल तर दोन पावलं पुढे या.

आणखी एक. इकडून कोणी जाणार असाल तर तारामावशीला तेवढं सांगा, तिनं थंडी सरल्यावर माझ्या तोंडात कोंबून ठेवलेला स्वेटर काढून घ्यायला. नागपुरात मे महिना चालू आहे.